एक बरोबर, दोन बरोबर

सकाळच्या बॅचला आठवीतल्या एका मुलीने सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. गुण नेमके ३५ असतील तर पडद्यावर ‘काठावर पास’ यावं, एवढंच काम. तिने ९१ टाकले. काठावर पास. १२ टाकले. पुन्हा काठावर पास. मग तिने गुणच छापून पाहिले, तर ९१ही नाहीत आणि १२ही नाहीत; दोन्ही वेळा ३५.

अटीत तिने बरोबरचं चिन्ह एकदाच दिलं होतं. सी भाषेत एक चिन्ह ही आज्ञा असते: उजवीकडचं डावीकडे ठेव. दोन चिन्हं हा प्रश्न: दोन्ही बाजू सारख्या आहेत का? तिला विचारायचं होतं, लिहिली गेली आज्ञा. खरे गुण पुसले गेले, तिथे ३५ येऊन बसले आणि शून्य नसलेलं काहीही सी खरंच धरते.

मुलांच्या या चुकीला धांदरटपणा म्हणणं मला पटत नाही. पहिलीपासून वहीत त्यांनी हे चिन्ह एकाच अर्थाने गिरवलंय. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने ते छापलं, तेव्हा दोन समांतर रेघा घेतल्या. त्यांहून सारख्या अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. बरोबर ४०० वर्षांनी, १९५७ साली, फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेने तेच चिन्ह ‘ठेव’ या अर्थाने घेतलं. अल्गोल आणि पास्कलने ठेवण्यासाठी त्याच्याआधी अपूर्णविराम जोडला. मला आजही तेच प्रामाणिक वाटतं. पायथन निदान अटीत एकटं चिन्ह दिसलं की तिथेच अडवते.

‘माझ्याबरोबर चल’, ‘उत्तर बरोबर’, ‘दोन अधिक दोन बरोबर चार’ हे बोलताना आपण कधी अडखळत नाही. म्हणून मी मुलांना प्रोग्रॅमची ओळही मोठ्याने वाचायला लावतो. एक चिन्ह आलं की ‘ठेव’ म्हणायचं, दोन आली की ‘आहे का?’

तिने वाचलं, “जर गुणमध्ये पस्तीस ठेव...” आणि थांबली. दुसरं चिन्ह टाइप केलं. १२ टाकले. पडदा कोरा.

“सर, आता काहीच येत नाही,” ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने ३५ टाकले होते.