आधी वस्तुस्थिती, मग कारण

पूर्वपक्ष : सार्वजनिक रुग्णालयात एकाएकी अनेक मृत्यू झाले, तर चौकशी होईपर्यंत प्रशासनाने गप्प राहावे. आज दिलेली अर्धवट माहिती उद्या चुकीची ठरली, तर उरलासुरला विश्वासही जाईल. शिवाय चिडलेल्या जमावाचा राग निघतो तो वॉर्डात ड्युटीवर असलेल्या निवासी डॉक्टरवर. रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला 2010 साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तो उगाच नाही.

उत्तरपक्ष : भीती खरी, पण तिच्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. काय घडले हे बहुधा काही तासांत कळते. का घडले याला चौकशी लागते. पहिले सांगायला दुसऱ्यासाठी थांबण्याचे कारण नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाल्याचे समोर आले. त्यांत 12 नवजात अर्भके होती. औषधांचा तुटवडा नव्हता, अनेक रुग्ण अत्यवस्थ होऊनच दाखल झाले, असा खुलासा झाला. असा खुलासा पडताळायचा, तर खाटा किती, दाखल रुग्ण किती, एरवी रोज किती दगावतात, हे लोकांना आधीपासून ठाऊक असावे लागते. हे आकडे संकटाच्या दिवशीच बाहेर काढले, तर ती सारवासारव वाटते. दरमहा फलकावर लागत असतील, तर तेच पुरावा ठरतात.

पूर्वपक्ष : पण माहिती देताना दिलगिरी व्यक्त केली, तर तो कोर्टात कबुलीजबाबच!

उत्तरपक्ष : मिशिगन विद्यापीठाच्या आरोग्यसेवेने 2001 पासून चुका स्वतःहून सांगायला आणि दोष आढळल्यास भरपाई देऊ करायला सुरुवात केली. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे दर 1,00,000 रुग्णभेटींमागे नव्या दाव्यांचे मासिक प्रमाण 7.03 वरून 4.52 वर आले. त्या काळात मिशिगनमध्ये एकूणच दावे घटत होते, म्हणून सारे श्रेय या धोरणाला देता येणार नाही. तरी खरे सांगितले की दाव्यांचा पूर येतो, ही भीती तिथे फोल ठरली. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरला फौजदारी दोषी ठरवायला घोर निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो; दुःख व्यक्त केल्याने तो सिद्ध होत नाही. ग्राहक आयोगात खटला उभा राहू शकतो, पण तो गप्प राहूनही टळत नाही. म्हणून आधी नातेवाइकांना समोर बसवून सांगावे, मग एकाच जबाबदार अधिकाऱ्याने रुग्णांची नावे न घेता पत्रकारांना माहिती द्यावी. आणि ‘चौकशी चालू आहे’ म्हणताना ती कोण करत आहे व अहवाल कधी येणार, हेही सांगावे. एवढे न सांगणाऱ्या प्रशासनाला अफवांबद्दल तक्रार करण्याचा अधिकार नाही.