टेन्शन

मोहोळमध्ये घरभेटीला गेलो की एक शब्द हमखास कानी पडतो : टेन्शन. कर्जाचा हप्ता थकला, टेन्शन. मुलीचे लग्न लांबले, टेन्शन. भावाशी अबोला धरला, त्याचेही टेन्शनच! काळजी, धास्ती आणि मनाची टोचणी या निराळ्या अवस्था आहेत. काळजीला धीर पुरतो; टोचणी लागलेल्याला मात्र भावाचे दार ठोठावावे लागते. दोहोंना एकच नाव दिले, तर ते दार बंदच राहते.

इंग्रज येशूसंघीय फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. परक्यांनी आमच्या शब्दांसाठी एवढे कष्ट घ्यावेत आणि आम्ही ते टाकून द्यावेत, असे मी तावातावाने बोलत असे.

परंतु गेल्या पावसाळ्यात एक माता म्हणाली, “फादर, पोराला डिप्रेशन आहे म्हणे.” घरात आजवर त्याला ‘आळशी’ म्हणत. हा इंग्रजी शब्द आला, शिवी थांबली आणि दवाखान्याची वाट सापडली. मी निरुत्तर झालो.

तरीही अबोला धरलेल्या त्या गृहस्थांना मी अजून विचारतोच, “टेन्शन म्हणजे नेमके काय हो?” ते खाली पाहतात.