मेसची वही

जळकोटहून पोरगं सोलापूरला, पुण्याला किंवा संभाजीनगरला शिकायला निघालं की घरचे बजावतात, "कशात पडू नको, आपला अभ्यास बरा." वसतिगृहाचे रेक्टरही पहिल्या दिवशी हेच सांगतात. मग शेवटच्या वर्षी कॉलेज दोन दिवसांचं नेतृत्वविकास शिबिर घेतं आणि प्रमाणपत्र वाटतं. आयुष्यात कशातच न पडलेल्या पोरांना पुढारपण शिकवण्याचा हा उद्योग!

मला विचाराल तर ते शिक्षण मेसच्या वहीत आहे. पोरांनी चालवलेल्या डिव्हायडिंगच्या मेसमध्ये सेक्रेटरी किराणा, भाजी, गॅस, आचाऱ्याचा पगार यांची बेरीज मांडतो, प्रत्येकाचे खाडे धरतो आणि ज्याच्या त्याच्या नावावर आकडा टाकतो. आता समजा, एकाचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत. गावाकडं सोयाबीन पाण्यात गेलंय. त्याचं ताट बंद करायचं? "असू दे" म्हणणं सोपं. पण त्याची बाकी उरलेल्यांच्या बिलात चढते आणि त्यांच्यातही तितकेच ओढगस्तीचे असतात. म्हणजे दिलदारी सेक्रेटरीची, खिसा दुसऱ्याचा. सगळ्यांना विचारावं, तर त्या पोराची अब्रू चव्हाट्यावर. शहाणी मेस आधीच तजवीज करते: दरमहा प्रत्येकाकडून थोडे जास्त घेऊन गाठीला ठेवते आणि कुणाची बाकी त्यातून भागली, हे मेसमधल्या दोघांनाच ठाऊक असतं. एकालाच नाही, कारण एकट्याच्या हाती असं गुपित देऊ नये. एकोणिसाव्या वर्षी हे ज्याला सुचलं, त्याला शिबिराची गरज नाही.

एकत्र राहून शिकणं नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तेव्हा सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली, आपली कामं आपण करू लागली. शिवाशिवीवर व्याख्यान देण्यापेक्षा ते किती तरी कठीण होतं. पुढं 1938 मध्ये, जळकोटचा आपला भाग निजामाच्या राज्यात असताना, औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहातल्या मुलांना 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी झाली. मुलांनी संप केला. त्यांची नावं काढून टाकली गेली; नागपूर विद्यापीठानं अनेकांना सामावून घेतलं. नुसती वर्गात शेजारी बसणारी मुलं इतकी टिकली असती, असं मला वाटत नाही. ती एका छताखाली राहत होती, एकमेकांना ओळखून होती.

मेस पोरांच्या हाती द्या म्हटलं की रेक्टर मंडळी म्हणतील, पोरं पैसे खातात, दुकानदाराशी संगनमत करतात, गट पाडतात. खरं आहे. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी मेस ठेकेदाराकडं गेली. त्यानं पैसे खाणं थांबतंच असं नाही. फक्त ते पकडायचं काम पोरांच्या हातून जातं आणि पोळी कच्ची निघाली की अर्ज लिहायचा, एवढंच उरतं. मुलींच्या वसतिगृहात तर तेही कमीच. तिथला सगळा कारभार फाटक किती वाजता बंद करायचं, याभोवतीच फिरतो.

वहीत घोळ सापडलाच, तर पोरांनीच बैठक बोलवावी. सेक्रेटरीला मेसमधून काढायचं, की पैसे फेडून घेऊन त्याचं ताट चालू ठेवायचं, हे त्यांनीच ठरवावं. रेक्टरनं त्या बैठकीत जरूर बसावं, पण शेवटपर्यंत तोंड उघडू नये. पोरांना जमेल ते. रेक्टरांना जमेल का, शंका आहे.