शोध एका सायकलीचा

माणसाला एखादे तरी निरुपद्रवी व्यसन असावे, असे माझे मत आहे. कोणाला तपकिरीचे असते, कोणाला शब्दकोड्यांचे. मला जुन्या सायकली पाहण्याचे आहे. रविवारी सकाळी मी पुण्याच्या जुन्या बाजारात जातो, गंजलेल्या सायकलींपुढे उभा राहतो आणि बहुधा रिकाम्या हाताने परत येतो. "मिळाली का?" असे घरात आता कोणी विचारीत नाही. तीस वर्षे तोच प्रश्न विचारून आमची मंडळी थकली आहे.

सायकली मिळाल्या नाहीत असे नाही. चार घेतल्या. पहिलीचे हँडल बोटभर उंच वाटले. दुसरीची घंटी किरटी निघाली. तिसरी इतकी निर्दोष होती की तिच्यावर बसून मला काहीच वाटेना! चौथी अजून जिन्याखाली आहे.

मला हवी आहे ती १९४८ साली वडिलांनी घेतलेल्या रॅलेसारखी. नॉटिंगहॅमची बनावट, रंग काळा कुळकुळीत, पुढे बगळ्याचे चिन्ह, सळ्यांचे ब्रेक. पुणे तेव्हा सायकलींचे शहर होते. कचेऱ्या सुटल्या की लक्ष्मी रस्त्यावरून सायकलींचा लोंढा वाही. दिवा नसला की पोलीस अडवी. डबलसीट दिसली की दोघांनाही खाली उतरवी. मी आधी तिच्या दांडीवर बसून शाळेत गेलो, मग त्रिकोणातून पाय घालून गुडघे फोडून घेतले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि आमच्या वाड्यात पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर सायकल गाळातून उपसून काढावी लागली. वडिलांनी पाटावर बसून एकेक भाग सुटा केला, छर्रे रॉकेलात धुतले. पुढे चाके बदलली, चेन बदलली, सीटही बदलली. तरी ती ‘तीच’ सायकल राहिली!

मिलिंद राजा रथातून आला, तेव्हा नागसेनाने त्याला विचारले होते: आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ? दांडी म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग रथ आहे तरी कुठे? हा संवाद वाचताना मला आमची सायकल आठवते. तिच्यातले जे कधी बदलले नाही, ते कोणत्याच भागात नव्हते. ते पाटावर बसलेल्या माणसाच्या हातात होते.

आता खरी गोष्ट सांगतो. १९६८ साली मला नोकरी लागली आणि मी नवी सायकल घेतली. वडील त्याच वर्षी निवृत्त झाले होते. जुनी सायकल मला अडगळ वाटू लागली. एके दुपारी ते झोपले असताना मी ती भंगारवाल्याला पस्तीस रुपयांना देऊन टाकली. संध्याकाळी त्यांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हवा भरून दिलीस ना?"

मी "हो" म्हणालो. भरली नव्हती.

पुढे कित्येक वर्षांनी वडील गेले. त्यानंतरच्या एका रविवारी मी पहिल्यांदा जुन्या बाजारात गेलो.

आठवणीतली सायकल कधी पंक्चर होत नाही. खरी सायकल मात्र पुरानंतर सदैव डावीकडे ओढत असे. वडिलांना ते ठाऊक होते, म्हणून ते किंचित उजवीकडे झुकून बसत. चांगल्याचा ध्यास वाईट, असे मी म्हणत नाही. कारागिरालाही तो असतो. पण दोष दिसला की कारागीर पाना उचलतो, आणि माझ्यासारखा शोधणारा पुढच्या दुकानाची वाट धरतो. मला दोष नसलेली सायकल हवी होती की माझा दोष विसरायला लावणारी? तशी कोणत्या बाजारात मिळणार? वस्तूशी केलेली कृतघ्नता एकवेळ दुरुस्त करता येईल. माणसाशी बोललेल्या खोट्याला सुटे भाग मिळत नाहीत.

यंदा दसऱ्याला जिन्याखालच्या चौथ्या सायकलीला झेंडूचा हार घालायला गेलो, तो तिची दोन्ही चाके बसलेली. आमच्याकडे वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाची सायकल मोडली होती; तो बिचारा पायीच फिरे. मी पंप काढला. या वयात दोन चाके भरायची म्हणजे चांगलीच धाप लागते! मध्ये दोनदा पायरीवर बसलो, घाम पुसला. मग छर्ऱ्यांना तेल सोडले, ब्रेक आवळले आणि सायकल त्या मुलाच्या हाती दिली.

तो हरखून म्हणाला, "आजोबा, हवा पण भरलीत?"

"हो," मी म्हणालो. या खेपेस ते खरे होते.

येत्या रविवारी जुन्या बाजारात जाईन की नाही, ते मात्र आज सांगवत नाही. व्यसन ते व्यसन!