पाच पाडवे

कळंबच्या एका पाटलांच्या सालदाराचा मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला. यवतमाळच्या तंत्रनिकेतनात नंबर लागला, पण फीचा प्रश्न होता. पाटील म्हणाले, "पैसा मी देतो. पन याच्या बापानं पाच पाडवे माह्याच वावरात राबाव. तसं लिहून द्याव."

सालदाराने निमूटपणे अंगठ्याला शाई लावली. साक्षीदार म्हणून बोलावलेले गुरुजी म्हणाले, "सही करतो; आधी एक गोष्ट ऐका.

निजामशाहीत चंगेजखान नावाचा हबशी पेशवा होता. १५७४ मध्ये त्याने इमादशाही बुडवून आपलं वऱ्हाड घेतलं. त्याच्या पदरी विकत घेतलेले कितीतरी हबशी होते. त्यांतला एक अंबर. इथिओपियात जन्मला, पोरवयात विकला गेला, बगदादहून दख्खनेत आला. बगदादच्या धन्याने त्याला शिकवलं होतं. इथे पेशव्याच्या पदरी राहून त्याने राज्यकारभार पाहिला. पुढे सुलतानाला संशय आला आणि चंगेजखानाला विष दिलं गेलं. त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं.

आता हिशेब लावा. लढून मिळवलेलं वऱ्हाड २२ वर्षांत गेलं. १५९६ला चांदबीबीला ते मोगलांना द्यावं लागलं. १६००त अहमदनगरचा किल्लाही पडला. मग निजामशाही तगवली कुणी? त्याच मलिक अंबरने! जमिनीचा मगदूर पाहून शेतसारा बांधला, खडकी शहर वसवलं, १६२४ला भातवडीत मोगल आणि आदिलशहाच्या फौजा एकदमच मोडल्या. १६२६ला तो गेला आणि दहा वर्षांत निजामशाही बुडाली."

पाटलांनी विचारलं, "पन गुरुजी, चंगेजखानाले काय भेटलं?"

"काही नाही. तो केव्हाच गेला होता. पण त्या बाईने अंबरला धरून ठेवला असता, तर तो तिच्याच वाड्यात हुकूम झेलत म्हातारा झाला असता."

पाटील बराच वेळ कागद न्याहाळत बसले. मग पाच पाडव्यांची ओळ त्यांनी आपल्या हाताने खोडली. "पैसा मात्र परत पायजे. बिनव्याजी. जमल तवा."

"ते रास्त आहे," म्हणत गुरुजींनी सही केली.

तात्पर्य : उपकाराला अट लावली की त्याची खरेदी होते; माणूस वाढतो तो मोकळा सोडल्यावरच.