कापशीची नजर

सावकाश बसा. डोळे मिटा. श्वास त्याच्या चालीने येऊ द्या, जाऊ द्या.

मनात बिडकीनचं शिवार आणा. हिवाळ्यातली सकाळ आहे, तुम्ही बांधावर बसला आहात. समोर फुटलेली कपाशी, पलीकडे तुरीचा पट्टा. नाथसागरावरून, 1986 पासून पाखरांसाठी राखलेल्या त्या पाण्यावरून, गार वारा येतो आहे.

वर पाहा. कापसासारखं पांढरं पोट, खांद्यावर काळा डाग, लाल डोळे. ही कापशी. उंदराच्या शोधात ती हवेत एका जागी थांबली आहे. पंख फडफडतात, वारा ढकलतो, डोकं मात्र जागचं हलत नाही. त्या स्थिर डोक्यावर मन टेकवा.

तिचे डोळे खोबणीत जवळजवळ घट्ट बसलेले आहेत. भोवती बारीक हाडांचं कडं आहे. डोळा फारसा वळत नाही, म्हणून मान वळते. आपल्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, तिच्या पटलावर ते नाही. पोषण पोचवायला डोळ्याच्या आत फणीसारखा वेगळा अवयव आहे. प्रकाशाची वाट मोकळी राहते.

ही नजर एका दिवसात आली नाही. ज्याला भक्ष्य किंचित आधी दिसलं, त्याच्या पिल्लांच्या चोचीत घास पडला. अशा अगणित पिढ्या. इथे थोडं थांबा.

आता स्वतःच्या मिटल्या डोळ्यांपाशी या. डायनासोरांच्या काळात आपले सस्तन पूर्वज बहुतेक अंधारातच वावरले. त्या लांबलेल्या रात्रीत रंग ओळखणाऱ्या काही पेशी त्यांनी गमावल्या. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनासोर संपले, त्यांची एक शाखा मात्र उरली: पक्षी. त्यांच्याकडे रंगपेशींचे चार प्रकार टिकले. आपल्याकडे दोनच उरले होते. तिसरा आपल्या वानरपूर्वजांनी पुन्हा कमावला.

मनातल्या मनात हळूच डोळे उघडा. बांधावरच्या बोरीकडे पाहा. हिरव्या पानांत तांबूस बोर वेगळं उठून दिसतं, ते त्या तिसऱ्या प्रकारामुळे. फार पूर्वी कुण्या आईला असंच पिकलं फळ पानांआडून दिसलं असावं, आणि तिच्या लेकराचं पोट भरलं असावं. तिचीच नजर आज तुमच्या डोळ्यांत आहे.

ते बोर थोडा वेळ नुसतं पाहत राहा.