रिकामी खुर्ची



नोव्हेंबर महिन्यात आपण कबरींवर फुले ठेवतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. परंतु ज्यांची कबरच नाही, आणि जे गेले असेही खात्रीने कोणी सांगू शकत नाही, त्यांच्यासाठी मेणबत्ती कुठे लावायची?

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. सातारा-सांगलीकडच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण मराठा पलटणींत भरती होत आले. पहिल्या महायुद्धात, 29 एप्रिल 1916 रोजी, आजच्या इराकमधील कुत येथे उपासमारीने जेरीस आलेल्या पूना डिव्हिजनला तुर्कांपुढे शरण जावे लागले. त्यांत मराठा पलटणीही होत्या. हजारो जवान कैदेतच मेले. पुढे, ज्यांची कबर सापडली नाही अशांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली; हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या लिहिली. आईने ठेवलेले नाव जाऊन तिथे आकडा राहिला.

1971 च्या युद्धातही असेच घडले. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे विमान 5 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानात पाडले गेले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. भारताने पाकिस्तानचे सुमारे 93,000 कैदी 1974 पर्यंत परत पाठवले. आपले 54 जण मात्र बेपत्ताच राहिले. ते आपल्याकडे नाहीत, असे पाकिस्तान सांगत आले. 2007 साली 14 नातेवाईक तिथले तुरुंग पाहून आले, पण हाती काही लागले नाही.

सात वर्षे वार्ता नसेल तर कायदा माणसाला मृत मानू शकतो. प्रेमाला असे कलम नसते. अशा घरात साध्या गोष्टीही अवघड होतात. फोटोला हार घालावा की घालू नये? मिस्सा सांगायची ती आत्म्याच्या शांतीसाठी, की सुखरूप परत येण्यासाठी?

बंधुभगिनींनो, याचा निवाडा आपण करायचा नाही. परमेश्वरापुढे सगळेच जिवंत आहेत, असे प्रभू येशूने शिकवले. ज्याचा पत्ता आपल्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी केलेली प्रार्थनाही योग्य ठिकाणी पोहोचते. उत्तम मेंढपाळ मेंढरे नुसती मोजत नाही, एकेकाला नावाने हाक मारतो. म्हणून '54 जण' एवढे म्हणून आपण थांबलो, तर बसऱ्याच्या दगडासारखेच वागलो असे होईल.

अमेरिकेत अशा जवानांसाठी एक लहान मेज मांडून ठेवण्याची प्रथा आहे. त्यावर लिंबाची फोड असते, मीठ असते, ग्लास पालथा असतो आणि समोरची खुर्ची रिकामी असते. कोणी विचारेल, रिकाम्या खुर्चीने काय होणार? खुर्चीने माणूस परत येत नाही, हे खरेच. पण शुभ शुक्रवारी ख्रिस्तशरीर ठेवायची पेटी आपण रिकामी, उघडी ठेवतो. ती पाहून प्रभू नाही असे आपण म्हणत नाही. आपण वाट पाहतो. रिकामी जागा हेच सांगते: हा विषय अजून मिटलेला नाही, ही जागा दुसऱ्या कोणाची नाही.

दुसऱ्या महायुद्धात पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनमध्ये युद्धकैद्यांचा व बेपत्तांचा शोध घेणारे कार्यालय चालवले. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण या महिन्याच्या प्रत्येक रविवारी पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवू, तिच्यापाशी मेणबत्ती लावू. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत दर रविवारी एका बेपत्ता जवानाचे नाव मोठ्याने घेऊ. ज्यांच्या घरातून कोणी सैन्यात गेले व परत आले नाही, त्यांनी ते नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे. नातेवाईक ख्रिस्ती असो वा नसो. आणि सीमेपलीकडे वाट पाहणाऱ्या आईलाही त्या प्रार्थनेत जागा असू द्या. तिचे अश्रूही तितकेच खारट आहेत.

मिस्सा संपल्यावर ती खुर्ची लगेच उचलू नका. तिच्याजवळून जाताना क्षणभर थांबा. घरी गेल्यावर आपल्या गल्लीतील माजी सैनिकाच्या किंवा जवानाच्या आईच्या दारी जाऊन एवढेच विचारा, "काकू, पोराचा फोन आला होता का?"

प्रभू सर्व बंदिवानांना आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांना धीर देवो.

प्रभू येशूच्या प्रीतीत,
आपले धर्मगुरू